चांद्याला आलेली प्रिंट

गडचिरोली जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला, सिरोंचा तालुक्यात, वडधम नावाचं गाव आहे. तिथल्या जमिनीत डायनासोरची हाडं आणि दगड झालेले वृक्ष सापडतात म्हणून सरकारनं तिथे जीवाश्म उद्यान केलं. त्याच तालुक्यात प्राणहितेच्या काठी कोटा हे गाव आहे, आणि भूगर्भशास्त्रज्ञांनी एका अख्ख्या खडकथराला त्याचं नाव दिलं आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला गोदावरीच्या खोऱ्यात याच थरातून बारापासॉरस या अजस्र प्राण्याची हाडं निघाली, आणि त्याचा सांगाडा आज कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. एवढं सगळं पायाखाली असताना चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला डायनासोर पहिल्यांदा दिसला तो १९९४ नंतर, टॉकीजच्या पडद्यावर नाहीतर भाड्याच्या व्हीसीआरवर. त्याच्यापुढे पळणारी गोरी माणसं हिंदीत किंचाळत होती.

‘ज्युरासिक पार्क’ हा हिंदीत डब होऊन देशभर दणक्यात चाललेला पहिला मोठा हॉलिवूडपट. आता चाळिशी ओलांडलेल्या पिढीनं तो इकडे पाहिला तेव्हा पडद्यावर उभ्या रेघा पडत होत्या, रीळ बदलताना चित्र उडी मारत होतं आणि मधूनच आवाज गुदमरत होता. आज तोच पिक्चर फोर-केमध्ये मिळतो. पावसातला टी-रेक्स दिसतो, त्याच्या कातडीवरून ओघळणारं पाणी दिसतं, जीपच्या काचेवरचा थेंबन् थेंब दिसतो. तरीही पाहणारा कुरकुरतो, की तेव्हा जास्त भीती वाटली होती. ही कुरकूर एकट्या चांद्याची, म्हणजे चंद्रपूरची, नाही. जुन्या विज्ञानपटांची जी जी झळझळीत आवृत्ती गेल्या पंचवीस वर्षांत निघाली, तिच्यामागे हे भांडण लागलंच. तंत्रज्ञ म्हणतात, आम्ही मूळ परत आणलं. रसिक म्हणतात, आमचं मूळ हे नव्हतंच.

माझ्या मते दोघंही खरं बोलतात, कारण दोघांचं मूळ वेगळं आहे.

कॅमेऱ्यातून निघते ती निगेटिव्ह. तिच्यावरून मास्टर पॉझिटिव्ह, त्यावरून पुन्हा निगेटिव्ह, आणि त्यावरून थिएटरला जाणाऱ्या शेकडो प्रिंटा निघत. प्रत्येक पायरीला थोडा तपशील गळायचा. पस्तीस मिलिमीटरच्या चांगल्या निगेटिव्हमध्ये आजच्या फोर-के टीव्हीला पुरून उरेल एवढा तपशील असतो. टॉकीजच्या पडद्यावर पोचायचा तो त्याचा जेमतेम एक हिस्सा. म्हणजे पहिल्या दिवशी, पहिल्या खेळाला, न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या प्रेक्षकानंही आजच्या डिस्कवर दिसतं ते चित्र पाहिलेलं नव्हतं. रिस्टोरेशन करणारे निगेटिव्हपर्यंत मागे जातात आणि तिथून थेट आपल्या दिवाणखान्यात येतात. मधली प्रिंट गायब होते, आणि आठवण असते ती नेमकी प्रिंटचीच.

आपल्याकडे तर त्या प्रिंटचाही प्रवास लांबचा. चंद्रपूर-गडचिरोली हा भाग सिनेमाच्या धंद्यात सी.पी.-बेरार इलाख्यात मोडायचा आणि वितरकांची ऑफिसं अमरावतीला होती. मोठ्या शहरांत चालून झिजलेल्या प्रिंटच्या पेट्या आधी जिल्ह्याच्या गावाला, मग तालुक्याला अशा उतरत जायच्या. तुटलेली फिल्म ऑपरेटर चिकटवणार, आणि दर चिकटवणीला दोन-चार फ्रेमी कचऱ्यात जाणार. प्रोजेक्टरमध्ये कार्बनच्या कांड्या जळायच्या. कांडी नीट सरकवली नाही की पडद्यावरचा उजेड पिवळा पडायचा आणि स्टॉलमधून शिट्ट्या सुरू व्हायच्या. सिरोंच्याकडच्या लोकांचं सिनेमाचं जग तर गोदावरीपलीकडच्या तेलुगू पिक्चरांनीही भरलेलं. इथल्या माणसाची पिक्चरची आठवण ही अशी त्या विशिष्ट पेटीतल्या, त्या विशिष्ट आठवड्यातल्या प्रिंटची आठवण आहे. कोणत्याही प्रयोगशाळेत ती परत तयार करता येणार नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणंही बरोबर नाही.

तरी प्रश्न उरतो तो हा, की रिस्टोअर करणाऱ्यानं थांबायचं कुठे? निगेटिव्हपाशी, की प्रेक्षकाला जे दिसत होतं त्यापाशी?

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण १९५३ चा ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’. मंगळावरून आलेली यानं हवेत तरंगतात, आणि ती टांगली होती तारांवर. पुढे हा चित्रपट डीव्हीडीवर आला तेव्हा तारा लख्ख दिसायला लागल्या, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या कारागिरांवर लोक हसू लागले. पण तेव्हाच्या टेक्निकलर प्रिंटा रंग एकावर एक छापून तयार व्हायच्या. त्या छपाईत सावल्या इतक्या दाट उतरत आणि बारीक कडा इतक्या मऊ होत, की तारा त्यात बुडून जायच्या. कारागिरांनी हे ओळखूनच त्या लावल्या होत्या. २०१८ च्या रिस्टोरेशनमध्ये तारा पुसल्या. शुद्धतावाद्यांना हे आवडलं नाही. मला ते पटलं. निगेटिव्हशी थोडी बेइमानी करून प्रेक्षकाच्या अनुभवाशी इमान राखलं गेलं, आणि कारागिराची लाजही राखली गेली.

आपल्याकडे या तारेचा सख्खा भाऊ आहे. १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’मध्ये अदृश्य हातांनी वस्तू हलताना दिसतात. बाबूभाई मिस्त्रींनी त्या काळ्या पडद्यासमोर काळ्या दोऱ्यानं हलवल्या होत्या, आणि पुढे सिनेमावाले त्यांना ‘काला धागा’ याच नावानं ओळखू लागले. तिथून पन्नास वर्षांनी ‘मिस्टर इंडिया’ आला. शेखर कपूर यांचं दिग्दर्शन, बाबा आझमींचा कॅमेरा आणि पीटर परेरांच्या करामती. संगणक नव्हताच. एकच फिल्म कॅमेऱ्यात पुन्हा पुन्हा फिरवून, पडद्याचा काही भाग झाकून, वस्तू टांगून आणि ओढून नायक अदृश्य केला. अशा पिक्चरची कोरी करकरीत आवृत्ती काढताना प्रत्येक शॉटला विचारावं लागतं, की हा दोरा तेव्हा दिसत होता का? त्यात अदृश्य माणूस दिसतो तो लाल उजेडात. रंग सुधारणाऱ्यानं आजच्या फॅशनप्रमाणे सगळं चित्र निळसर-शेवाळी करून टाकलं तर तो लाल कुठे जाईल? तिथे लाल रंग हा शोभेचा नाही, कथाच त्याच्यावर टांगलेली आहे.

रंगाची गंमत ‘मॅट्रिक्स’नं दाखवून दिली. १९९९ मध्ये थिएटरात तो हिरवट होताच, पण बेतानं. पुढच्या दोन भागांशी मेळ बसावा म्हणून २००८ च्या ब्लू-रेवर त्याला हिरव्या रंगात बुडवून काढला. दहा वर्षं लोकांनी तोच पाहिला. २०१८ मध्ये मूळ छायालेखक बिल पोप यांच्या देखरेखीखाली रंग परत ताळ्यावर आणला, तर तरुण प्रेक्षक म्हणाले, यांनी पिक्चर बिघडवला! त्यांची आठवण ब्लू-रेची होती. प्रत्येक पिढी आपण पाहिलेल्या आवृत्तीला मूळ मानते. मग चाहत्यांच्या आठवणीला पुरावा म्हणून किती वजन द्यायचं हे जरा जपूनच ठरवायला हवं.

पण एका बाबतीत चाहत्यांची तक्रार शंभर टक्के खरी आहे, आणि ती म्हणजे दाणा. फिल्मवरचं चित्र बनतंच बारीक दाण्यांचं. दाणा म्हणजे चित्रावर बसलेली धूळ नव्हे, दाणा म्हणजेच चित्र. तो यंत्रानं पुसला की त्याबरोबर कातडीची छिद्रं, कापडाचा पोत आणि भिंतीचा खरखरीतपणाही जातो. ‘प्रेडेटर’च्या २०१० च्या आवृत्तीत जंगलात घामानं निथळणारे सैनिक मेणाचे पुतळे झाले. ‘टर्मिनेटर २’च्या २०१७ च्या फोर-के आवृत्तीवर हीच बोंब झाली. ‘एलियन्स’च्या २०२४ च्या आवृत्तीत पुढची पायरी गाठली गेली. पुसून झाल्यावर यंत्रानं आपल्या मनानं तपशील भरला, आणि चेहऱ्यांवर ज्या कडा कॅमेऱ्यानं कधी टिपल्याच नव्हत्या त्या उमटल्या. आपल्याकडे गावोगावी हेमाडपंती देवळांच्या कोरीव दगडावर भक्तिभावानं ऑइल पेंट फासतात आणि त्याला जीर्णोद्धार म्हणतात, तसाच हा प्रकार. भाव खरा असतो, पैसा खर्च झालेला असतो, आणि शिल्पाचे नाक-डोळे रंगाखाली बुजलेले असतात.

‘ज्युरासिक पार्क’ची अडचण वेगळी आहे. त्यात डायनासोर पडद्यावर असतात ते सगळे मिळून पंधराएक मिनिटं, आणि त्यातले संगणकावर बनवलेले शॉट्स याच्या निम्म्याहूनही कमी. बाकी स्टॅन विन्स्टन यांच्या कारखान्यातले यांत्रिक पुतळे. संगणकी शॉट्स तेव्हाच्या ताकदीप्रमाणे कमी तपशिलात बनवून मग फिल्मवर उतरवले गेले. बाकीचा चित्रपट निगेटिव्हवरून फोर-के करता येतो. हे शॉट्स जन्मतःच मऊ आहेत, त्यांच्यात नसलेला तपशील आणणार कुठून? प्रिंटवर सगळंच सारखं मऊ असल्यानं जोड कळत नव्हता. आता सराईत डोळ्याला शॉट बदलला की कळतं, हा पुतळा आणि हा संगणक. पूर्वी आपण घाबरत होतो, आता तपासतो. यात रिस्टोरेशनवाल्यांचा दोष नाही, दाखवण्याचं साधनच वरचढ झालं आहे.

मूळ चित्रपटातच हात घालायचा ही तिसरी तऱ्हा, आणि तिथे मी बिनशर्त चाहत्यांच्या बाजूचा. जॉर्ज लुकास यांनी १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ला १९९७ मध्ये नवे प्राणी आणि नवे शॉट्स जोडले, आणि कोणी आधी गोळी झाडली हेही बदललं. ते करायला हरकत नव्हती, पिक्चर त्यांचाच. हरकत आहे ती जुनी आवृत्ती बाजारातून मागे घेण्याला. शेवटी चाहत्यांनीच जुन्या पस्तीस मिलिमीटर प्रिंटा मिळवून, स्कॅन करून, फ्रेम न् फ्रेम साफ केली. दोन तासांच्या पिक्चरमध्ये सेकंदाला चोवीस या हिशेबानं १,७२,८०० फ्रेमी होतात. कायद्याच्या दृष्टीनं ते कुठे बसतं हा वेगळा विषय, पण चित्रपट-संग्रहालयाचं काम हौशी माणसांनी केलं. २०२५ च्या जूनमध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं १९७७ ची मूळ टेक्निकलर प्रिंट दाखवली तेव्हा त्याची जगभर बातमी झाली. जुना पिक्चर जुन्या रूपात दाखवणं हीच बातमी व्हावी! याउलट ‘ब्लेड रनर’. २००७ मध्ये रिडली स्कॉट यांनी अंतिम आवृत्ती काढली, एका दृश्यात स्टंट करणाऱ्या बाईच्या जागी मूळ नटीचा चेहराही बसवला, पण पेटीत जुन्या आवृत्त्याही घालून विकल्या. ज्याला जी हवी ती पाहावी. एवढं साधं आहे हे.

‘२००१: अ स्पेस ओडिसी’च्या पन्नाशीला क्रिस्टोफर नोलन यांनी तिसराच मार्ग धरला. संगणकाला हात न लावता मूळ निगेटिव्हच्या वंशातून, निव्वळ रासायनिक पद्धतीनं, सत्तर मिलिमीटरच्या नव्या प्रिंटा काढल्या आणि त्याला ‘अन-रिस्टोअर्ड’ म्हटलं. डाग होते तिथे राहिले. मात्र हे दाखवायला जगात बोटावर मोजण्याइतकीच थिएटरं उरली आहेत, त्यामुळे आपल्यासाठी तो मार्ग ऐकायलाच बरा.

प्रामाणिकपणाचा नमुना पाहायचा असेल तर ‘मेट्रोपोलिस’ पाहावा. फ्रित्झ लांग यांचा हा १९२७ चा मूकपट प्रदर्शनानंतर लगेच कापला गेला आणि कापलेला भाग गेलाच असं सगळे धरून चालले होते. २००८ मध्ये ब्यूनॉस आयर्सच्या सिनेमा-संग्रहालयात सोळा मिलिमीटरची एक प्रत सापडली. वापरून वापरून ओरखड्यांनी भरलेली, आणि कडाही कापल्या गेलेल्या. त्यातून सुमारे पंचवीस मिनिटांचा भाग परत मिळाला आणि २०१० मध्ये चित्रपट पुन्हा दाखवला गेला. सापडलेला भाग पडद्यावर आला की रेघांचा पाऊस सुरू होतो आणि चित्र लहान होतं. कोणीही तो लपवला नाही. प्रेक्षकाला कळतं, की हे इथून आलं, हे तिथून आलं. संग्रहालयात सांगाड्याचं हाड सापडलं नाही तर कारागीर ते बनवून बसवतो आणि रंग मुद्दाम वेगळा ठेवतो, त्यातली नीती हीच.

आता घरचं पाहू. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं. २००३ च्या जानेवारीत त्याच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातसारख्या कंपन्यांच्या मूळ रिळांची राख झाली. नायट्रेट एकदा पेटलं की पाण्यानं विझत नाही. पुढे राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहीम निघाली. २०२२ मध्ये सुमारे २,२०० चित्रपट रिस्टोअर करण्यासाठी ३६३ कोटी रुपयांची घोषणा झाली, आणि त्याच वर्षी संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन केलं गेलं. मुंबईत शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचं फिल्म हेरिटेज फाउंडेशन २०१४ पासून हेच काम करतं. त्यांचा २०२५ चा ‘शोले’ विज्ञानपट नव्हे, पण या वादाचा मराठी वाचकाला सगळ्यात जवळचा नमुना तोच आहे. आणीबाणीत सेन्सॉरनं बदलायला लावलेला शेवट त्यात परत आला. ठाकूर गब्बरला पोलिसांच्या हवाली करत नाही, मारतो. दिग्दर्शकाचा मूळ हेतू हाच होता, आणि त्याचा मान ठेवायलाच हवा. पण पन्नास वर्षं देशानं जो ‘शोले’ पाहिला, ज्याचे संवाद लग्नाच्या वरातीत म्हटले गेले, त्याच्या शेवटी पोलीस येतात. तोही ‘शोले’ इतिहासाचाच आहे आणि तोही जपला पाहिजे.

टेपचा प्रश्न याहून बिकट. फिल्मवर चित्रित झालेलं पुन्हा स्कॅन होतं, व्हिडिओ टेपवर झालेलं जेवढं आहे तेवढंच राहतं. ‘स्टार ट्रेक’ची ‘द नेक्स्ट जनरेशन’ ही मालिका फिल्मवर चित्रित झाली होती, पण संकलन टेपवर. तिची सुधारित आवृत्ती काढताना मूळ निगेटिव्हचे तुकडे शोधून प्रत्येक भाग नव्यानं जुळवावा लागला. खर्च एवढा झाला की पुढच्या मालिकांना कोणी हात लावला नाही. आपल्याकडे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर ‘स्पेस सिटी सिग्मा’, ‘इंद्रधनुष’ अशा मालिका लागल्या आणि एका पिढीनं त्यांतून अंतराळ पाहिलं. स्टुडिओतल्या टेपवर जन्मलेल्या अशा मालिकांसाठी फोर-के हा शब्दच निरर्थक आहे. त्या आहेत तशा, पुसट रंगासह, नीट उतरवून ठेवल्या तरी पुष्कळ झालं.

आणि आवाज? या सगळ्या वादात, जगभर, चर्चा होते ती चित्राची. चंद्रपूरच्या माणसाच्या आठवणीतला अर्धा ‘ज्युरासिक पार्क’ हिंदी आवाजात आहे. आपल्याकडे अनेक परदेशी चित्रपटांचं हिंदी डबिंग एकापेक्षा जास्त वेळा झालं, थिएटरसाठी एक आणि टीव्हीसाठी दुसरं. नवी आवृत्ती येते तेव्हा तिच्यावर कोणता हिंदी ट्रॅक चढवला हे पाकिटावर कोणी लिहीत नाही. नव्वदच्या दशकात डबिंग करणाऱ्यांची नावं तर श्रेयनामावलीतही नसायची. इंग्रजी न कळणाऱ्या कोट्यवधी लोकांसाठी तोच आवाज हा मूळ आवाज होता. हॉलिवूडच्या स्टुडिओला तो जपण्यात रस असण्याचं कारण नाही. तो जपायचा तर इथेच, आपणच.

याच दोन जिल्ह्यांत आणखी एक गोष्ट आहे जिची निगेटिव्हच नाही. दिवाळी सरली की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. देसाईगंज-वडसा हे कंपन्यांचं ठाणं. शंकरपट, मंडई असेल त्या गावी मंडप पडतो, रात्री पडदा उघडतो आणि तांबडं फुटेपर्यंत नाटक चालतं. दंडार या लोककलेतून वाढलेली ही रंगभूमी. तिच्यातल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि २०२२ मध्ये ‘झॉलीवूड’ नावाचा चित्रपटही या दुनियेवर आला. पण खुणे यांच्या ऐन उमेदीतल्या हजारो प्रयोगांपैकी किती प्रयोग कोणत्या यंत्रात उतरले असतील? तिथे रिस्टोअर करायला काही नाहीच, आठवण एवढाच साठा. टी-रेक्सच्या कातडीचा रंग बरोबर आहे की नाही यावर आपण रात्र रात्र वाद घालतो, आणि शेजारच्या गावचं नाटक फोनवर तुकड्या-तुकड्यानं, डोक्यांच्या मधून, आवाज फाटलेला असं उतरवून सोडून देतो. हा हिशेब मला पटत नाही.

तेव्हा चाहत्यांच्या कुरकुरीतून निदान एक काम व्हावं. बंद पडलेल्या टॉकीजच्या केबिनमध्ये, जुन्या व्हिडिओ पार्लरवाल्याच्या माळ्यावर, केबलवाल्याच्या कपाटात हिंदी डबिंगच्या प्रिंटा आणि कॅसेटी अजून पडून असतील. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याखालची फिल्म त्यात फार तग धरत नाही. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर ती कुजायला लागली आहे, आणि शेजारच्या रिळांनाही ती लागण लावते, म्हणून ती आधी वेगळी ठेवा. कॅसेटला बुरशी दिसली तर ती मशीनमध्ये घालू नका. भंगारवाल्याला देण्याआधी पुण्याच्या संग्रहालयाला पत्र टाका. रिळं, पोस्टरं, फोटो, हँडबिलं ते स्वीकारतात. आणि येत्या दिवाळीनंतर तुमच्या गावात झाडीपट्टीचं नाटक लागलं तर कंपनीची परवानगी घ्या, दोन कॅमेरे तिवईवर उभे करा, आवाज थेट मिक्सरमधून घ्या, आणि नाटक पहिल्या घंटेपासून पहाटेपर्यंत सलग उतरवा.